घरातले जुने फोटो: कोणते ठेवायचे, कोणते सोडायचे

सोसायटी पुनर्विकासाला जाते, गावचं घर विकायला निघतं, किंवा आई-वडिलांच्या पश्चात त्यांचा फ्लॅट रिकामा करायची वेळ येते. भांडीकुंडी, कपडे, फर्निचर यांचा निकाल पंधरा-वीस दिवसांत लागतो. सगळं अडतं ते फोटोंपाशी. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, बिस्किटांचे डबे, स्टुडिओची पिवळी पडलेली पाकिटं, लग्नाचे जाडजूड अल्बम, भिंतीवरच्या तसबिरी. कुणी म्हणतं सगळं ठेवू, कुणी म्हणतं मोबाइलवर काढून घेऊ आणि टाकून देऊ. शेवटी तो ढीग जसाच्या तसा नव्या घराच्या माळ्यावर जातो.

नात्यातल्या अनेक घरांत मी हे काम करायला बसले आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. सगळं ठेवल्याने फोटो वाचत नाहीत. दोन-अडीच हजार फोटोंच्या गोणीत आजीचा तरुणपणीचा एकुलता एक फोटो असेल, तर तो कुणाच्याच नजरेस पडत नाही, आणि पुढची पिढी अख्खी गोणीच घराबाहेर काढते. निवड करायलाच हवी. पण ती करताना ‘फोटो छान आलाय का’ हे विचारून उपयोग नाही. विचारायचं ते हे: या माणसाचा, या जागेचा, या प्रसंगाचा दुसरा फोटो घरात आहे का? आणि यातली माणसं कोण, हे सांगणारं आज कुणी हयात आहे का? पहिल्या प्रश्नावरून काय ठेवायचं ते ठरतं. दुसऱ्यावरून कामाचा क्रम ठरतो, आणि तो क्रम चुकला तर झालेलं नुकसान भरून निघत नाही.

## पायरी १: सगळं एका जागी आणा, पाकिटं मात्र फोडू नका

हे काम पावसाळ्यात काढू नका. फोटोच्या वरच्या बाजूला जिलेटिनचा पातळ थर असतो. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की तो मऊ पडतो, बुरशी धरतो, फोटो एकमेकांना चिकटतात. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यांत चांगले. कोकणात आणि गोव्यात तर त्याआधी ट्रंक उघडूच नये.

मोठं टेबल किंवा स्वच्छ चादर पसरलेली जमीन पुरते. हात धुऊन कोरडे करा, फोटो कडांनी धरा, चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवा. ट्रंकेतलं सगळं एकदम ओतायचा मोह होतो, तो टाळा. एका पाकिटातले फोटो बहुधा एकाच रोलचे, म्हणजे एकाच काळातले असतात. ओळख पटवताना हा शेजारच फार कामी येतो. प्रत्येक पाकिटाला, डब्याला, अल्बमला एक क्रमांक द्या आणि तो कुठे सापडला तेही चिठ्ठीवर लिहा: ‘आजोळची ट्रंक’, ‘काकांचं कपाट, वरचा कप्पा’.

या पहिल्या फेरीत तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या. बुरशी धरलेले फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, नाहीतर ती बाकीच्यांना लागते. नंतर सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवून, तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर मऊ ब्रशने हलकेच झाडा. ओल्या फडक्याने पुसाल तर बुरशीबरोबर चित्रही निघेल. दुसरी गोष्ट निगेटिव्ह. त्यांच्याबद्दलचा निर्णय सगळ्यात शेवटी, तोवर एकही टाकू नका. पट्ट्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म विघटित होऊ लागली आहे. त्या वेगळ्या ठेवा आणि सर्वांत आधी स्कॅन करून घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे काचेला चिकटलेले फोटो. तसबिरीत फोटो थेट काचेला टेकलेला असतो आणि ओल लागली की घट्ट बसतो. ओढून काढायचा प्रयत्न करू नका, चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहील. काचेसकट, खिडकीशी तिरपा धरून, प्रकाशाचं प्रतिबिंब पडणार नाही अशा बेताने त्याचा फोटो काढून ठेवा.

चिकट पानांवर पारदर्शक कागद असलेले ते अल्बम आठवत असतील. फोटोंचं त्यांच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच केलेलं नाही. त्यांचा गोंद दरवर्षी जास्त घट्ट होतो आणि कागद पिवळा करतो. फोटो सुटत नसेल तर दात साफ करायचा फ्लॉस फोटो आणि पान यांच्यामध्ये घालून करवतीसारखा हळूहळू पुढे सरकवा. तरीही न सुटल्यास पानासकट स्कॅन करा आणि पान कापून ठेवा.

## पायरी २: जे विचार न करता जाऊ शकतं ते

ही फेरी फक्त रंगीत फोटोंच्या ढिगावर करायची. छत्तीस फोटोंचे रोल घरोघरी आल्यानंतरच्या काळात एकेका सहलीचे, एकेका वाढदिवसाचे दोन-दोन रोल संपत, आणि भरपूर भरताड याच काळातलं असतं. हललेले, काळे आलेले, कॅमेऱ्यासमोर बोट आलेले, एकाच पोझचे चार-चार, माणूस नसलेली दरी आणि सूर्यास्त, प्राणिसंग्रहालयातला लांबचा वाघ. हे सगळं लगेच बाजूला काढा. तीन प्रती असतील तर सगळ्यांत कमी रंग उडालेली एक ठेवा. उरलेल्या दोन प्रती फेकायच्या नाहीत, त्यांचं काय करायचं ते पुढे येईल.

कृष्णधवल फोटोंच्या डब्याला या फेरीत हात लावू नका. साठ-सत्तरच्या दशकात आगफा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि तो रोल कधी कधी वर्षभर पुरवून वापरला जाई. त्या डब्यातला हललेला फोटोही एखाद्या माणसाचा एकमेव फोटो असू शकतो.

## पायरी ३: फेकण्याआधी नावं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस, ज्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, त्याच्यापाशी सर्वांत जुने फोटो घेऊन बसायचं. निवड, स्कॅनिंग, अल्बम, सगळं पुढच्या वर्षी झालं तरी चालेल. हे काम याच महिन्यात करा.

एका बैठकीला तीस-चाळीस फोटो पुरेत. सकाळची वेळ, भरपूर उजेड, जवळ भिंग. फोटोवर काहीही न लिहिता प्रत्येकाला क्रमांकाची सुटी चिठ्ठी लावा, मोबाइलवर आवाज मुद्रित करायला ठेवा आणि प्रत्येक वेळी क्रमांक मोठ्याने म्हणा. ‘हे कोण?’ एवढंच विचारलं तर ‘आठवत नाही बाई’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. आजूबाजूने विचारा. ‘आत्या, हा ओटा कुणाच्या घरचा गं? एवढे सगळे जमलेत म्हणजे कुणाची मुंज होती का? फोटो काढला कुणी? नाना यात का दिसत नाहीत?’ घर ओळखलं की माणसं आपोआप ओळखू येतात. विशेषतः बायकांना साड्या आठवतात. एका बैठकीत आत्याने चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. काठ बघून म्हणाली, ‘हे इरकल वहिनीच्या डोहाळजेवणाचं, म्हणजे पोटात बाळू आहे.’ त्या एका काठावरून फोटोचं वर्ष कळलं.

नावं लिहिताना आपल्याकडच्या दोन अडचणी लक्षात ठेवा. पहिली, घरगुती हाकेची. पाच फोटोंच्या मागे ‘अण्णा’ लिहिलेलं असतं आणि ते पाच वेगवेगळे अण्णा असतात. म्हणून हाकेचं नाव, पूर्ण नाव आणि आपल्याशी नातं, तिन्ही लिहा. ‘माझे काका’ असं लिहू नका, तुमच्यानंतर वाचणाऱ्याला ‘माझे’ म्हणजे कुणाचे ते कळणार नाही. दुसरी अडचण बायकांच्या नावांची. लग्नात नाव बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती, त्यामुळे माहेरच्या फोटोमागची ‘कुसुम’ आणि सासरच्या फोटोमागची ‘सौ. सुमन’ एकच असते आणि वंशावळीत मात्र दोन बायका होऊन बसतात. माहेरचं नाव-आडनाव आणि सासरचं नाव-आडनाव, दोन्ही एका ओळीत आलीच पाहिजेत.

गटफोटोसाठी सोपी युक्ती: मोबाइलवर काढलेल्या प्रतीवर डोक्यांना आकडे द्या आणि खाली नावांची यादी करा. मूळ फोटोवर समोरून काही लिहायचं नाही. मागे लिहायचं तर जुन्या जाड कागदी फोटोवर मऊ शिसपेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. रंगीत फोटोंच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर पेन्सिल चालत नाही, तिथे माहिती पाकिटावर लिहा.

ओळख न पटलेले फोटो वेगळ्या पाकिटात ठेवून क्रमांकासह कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका, एका वेळी पाच-सहाच. एकदम पन्नास टाकले की कुणी बघत नाही. नागपूरच्या मावशीला जे माहीत नसतं ते बडोद्याच्या किंवा न्यू जर्सीच्या चुलतभावाला माहीत असतं, कारण त्याच फोटोची नाव लिहिलेली प्रत त्याच्या घरी गेलेली असते.

## पायरी ४: फोटोच्या पाठीवरून आणि कोपऱ्यांवरून काळ ओळखा

नाव नसलेल्या फोटोचा काळ कळला तरी निर्णय सोपा होतो. आधी फोटो उलटा करा. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या दशमान नाण्यांच्या आधीचा असण्याची शक्यता फार. मागे ‘शके १८७८’ असं असेल तर ७८ मिळवा: १९५६. पौषाचा उत्तरार्ध ते फाल्गुन हे महिने असतील तर ७९ मिळवायचे. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे लग्नाच्या वेळचा फोटो. ‘कै.’ असेल तर ते लिखाण माणूस गेल्यानंतरचं, फोटो त्याआधीचा.

पाठीवर न उलगडणारी सलग, वळणदार अक्षरं दिसली तर ती मोडी असू शकतात. असा फोटो बाकी कसाही असला तरी टाकू नका. मोडी वाचणारे लोक आज पुष्कळ शहरांत आहेत, ठिकठिकाणी त्याचे वर्ग चालतात. एका ओळीचं वाचन करून द्यायला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

मग पुढून बघा. मागे गाडी उभी असेल तर नंबरप्लेट वाचा. ‘एमएच’ आणि मग जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ पासूनची, त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असत. मारुती ८०० दिसली तर १९८३ च्या डिसेंबरनंतरचा फोटो. भिंतीवरचं कॅलेंडर भिंगाखाली धरा, कधी महिनासुद्धा सापडतो. कोपऱ्यात छापलेल्या नारिंगी तारखेवर मात्र आंधळा विश्वास नको, अनेकांनी कॅमेऱ्यात तारीख कधी लावलेलीच नसे.

कागदही बोलतो. प्लॅस्टिकचं अस्तर असलेला गुळगुळीत फोटोकागद सत्तरच्या दशकात रुळला. त्यामुळे पणजोबांचा पगडीतला फोटो अशा कागदावर असेल तर ती नंतर काढलेली प्रत आहे. मूळ फोटो कुठेतरी आहे किंवा होता. भावंडांकडे, चुलत घरात विचारा. मूळ सापडला तर ही प्रत सोडायला हरकत नाही. उलट, कडांना चंदेरी झाक आलेला जाड पुठ्ठ्यावरचा कृष्णधवल फोटो अस्सल जुना. ही झाक खराबीची असली तरी फोटो टाकण्याचं कारण नव्हे. ब्रशने हाताने रंगवलेल्या फोटोची तर दुसरी प्रत असूच शकत नाही. तो नक्की ठेवा आणि पाण्यापासून लांब ठेवा.

रंगीत फोटोंचं याच्या उलट असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बरेच रंगीत फोटो बंद अल्बममध्ये, अंधारात ठेवूनही लालसर झालेत, कारण त्यातला निळसर रंगद्रव्याचा थर आधी उडतो. आजीचा १९४० चा फोटो अजून ठणठणीत आणि तुमच्या बारशाचा फोटो गुलाबी, असं म्हणून दिसतं. आंबट वासाच्या निगेटिव्ह झाल्या की स्कॅन करण्यात पुढचा मान या लालसर फोटोंचा.

## पायरी ५: ठेवायचे कोणते

लग्नाचा अल्बम हा सर्वांत मोठा गठ्ठा, म्हणून त्यापासून सुरुवात करा. तीनशे फोटोंतून पंचवीस-तीस ठेवा. मुंडावळ्या बांधलेले दोघांचे एक-दोन, अंतरपाट, सप्तपदी, दोन्हीकडच्या आई-वडिलांबरोबरचे, दोन्ही घरांचे मोठे गटफोटो. त्यानंतर ज्यांकडे कुणी बघत नाही ते शोधा: पंगत, रुखवताचं टेबल, मांडवामागे भाज्या चिरणाऱ्या बायका, दारातली रांगोळी, वरातीतला बँड. त्या काळचं घर कसं होतं, जेवण कसं वाढत, दागिने कोणते होते, हे याच फोटोंत दिसतं. लग्नाआधीच्या केळवणाचा एखादा फोटो असेल तर तोही.

स्टेजवर आहेर देतानाच्या रांगेचे शंभर-दीडशे फोटो सहज जातील असं वाटतं आणि त्यातले बहुतेक जातातही. पण ते एकदा सावकाश बघूनच सोडा. फोटो काढून घ्यायला कधी न बसलेली माणसं, घरी स्वयंपाक करणाऱ्या काकू, गावचे गुरुजी, शेतावरचा वाटेकरी, लांबची विधवा आत्या, या रांगेतच सापडतात. बहुतेक वेळा त्यांचा तेवढा एकच फोटो अस्तित्वात असतो. मला विचाराल तर नवरा-नवरीच्या दहाव्या पोझपेक्षा असा एक फोटो ठेवण्यासारखा.

ज्या जोडप्याच्या लग्नाची नोंदणी झालेली नाही, त्यांचे विधीचे दोन-चार फोटो आणि लग्नपत्रिका एकत्र, कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. पुढे नोंदणी करायची झाली तर विवाह निबंधकाकडे पुरावा म्हणून दोन्ही मागतात.

सहलींचे फोटो निर्दयपणे कापा. महाबळेश्वरच्या पॉइंटचा त्याहून चांगला फोटो कुठेही मिळेल. एका सहलीचे चार-पाच पुरेत: सगळे एकत्र असलेला एक, प्रवासातला एक, आणि ज्यात एस.टी.चा थांबा, दुकानाची पाटी, रस्ता, खानावळ असं काही दिसतं ते.

शाळा-कॉलेज आणि ऑफिसचे गटफोटो, निरोप समारंभाचे फोटो, विशेषतः खाली नावं छापलेले, सगळे ठेवा. ते कुटुंबाबाहेरच्यांनाही लागतात. पासपोर्ट आकाराच्या फोटोंतून प्रत्येक वयाचा एक ठेवून बाकी बारीक कापून टाका. लहान मुलांचे वर्षाला पाच-सहा. रोजच्या कामातले फोटो मात्र एकही सोडू नका: आजोबा दुकानाच्या गल्ल्यावर, आई शिवणयंत्रापाशी, चाळीचा कॉमन पॅसेज, विहिरीवरची मोट. असे फोटो मुळात फार कमी काढले जात.

काही फोटोंची किंमत घराच्या भिंतींपलीकडे जाते. कोयना, उजनी, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले फोटो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटण्याआधीचे पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाआधीच्या गिरणगावातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधीचे किल्लारी परिसरातले. तिथलं एखादं घर, देऊळ, बाजार पुसट दिसत असला तरी तो फोटो ठेवा, माणूस ओळखीचा नसला तरीही. पुण्यात १९१० पासून असलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, तुमच्या गावचं जुनं सार्वजनिक वाचनालय, शाळेची शताब्दी समिती, अशा ठिकाणी आधी चौकशी करा. कौटुंबिक फोटो आणि त्यामागच्या हकीकती गोळा करणारा ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ हा ऑनलाइन संग्रह २०१० पासून आहे. सुरुवातीला स्कॅनची प्रत द्या. मूळ द्यायचं ठरलं तर पोच घ्या आणि फोटो कोण, कसा वापरणार ते कागदावर लिहून घ्या.

## पायरी ६: जिथे हात थांबतो

गेलेल्या माणसाचा अंत्यदर्शनाचा फोटो कित्येक घरांत असतो. पूर्वी कधी कधी त्या माणसाचा तोच एकमेव फोटो असे, म्हणून तो काढला जाई. फाडू नका. बंद पाकिटात ठेवून वर स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे कुणी नकळत उघडणार नाही. त्याच माणसाचा हयातीतला चांगला फोटो मिळाला, तर जवळच्या वारसांना विचारून मग काय ते ठरवा.

मोडलेल्या लग्नाचे फोटो त्या दोघांचे आहेतच, पण त्यांच्या मुलांचेही आहेत. मुलं सज्ञान झाल्यावर त्यांना विचारा, तोवर एक पाकीट भरून ठेवा. फोटोतून एक माणूस कापून काढणं तर मुळीच नको. त्या कात्रीने फोटोतली बाकी सगळी माणसंही खराब होतात.

लहान बाळांचे आंघोळीचे, उघडे फोटो प्रेमाने काढलेले असतात, पण ते कौटुंबिक गटावर किंवा क्लाउडवर टाकू नका. ज्याचा फोटो आहे त्याच्या हातात द्या, तोच ठरवेल.

आणि जे फोटो बघून फक्त त्रासच होतो, ते ठेवायची सक्ती कुणावर नाही. पण तो निर्णय एकट्याने, शोकाच्या पहिल्या काही महिन्यांत घेऊ नका. भावंडाकडे किंवा मैत्रिणीकडे पाकीट ठेवायला द्या, वर्षाने बघा.

## पायरी ७: स्कॅन कुणाचं, कसं

जे सोडायचंय पण मन होत नाही, त्याला मोबाइल पुरतो. खिडकीतला मंद उजेड, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर. जे ठेवायचंय त्याला सपाट काचेचा स्कॅनर हवा. चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० बिंदू धरून, स्कॅन केला की २४०० बाय ३६०० बिंदूंची प्रतिमा मिळते आणि ती दुपटीने मोठी छापता येते. लहान चौकोनी फोटो आणि पासपोर्ट फोटो १२०० ला करा. मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही. निगेटिव्ह मिळाली असेल तर फोटोपेक्षा निगेटिव्हचं स्कॅन सरस येतं, म्हणून आधी त्या पट्ट्या तपासायच्या.

काम स्टुडिओत देणार असाल तर फोटो मोजून द्या, यादीवर सही घ्या आणि एकमेव असलेले फोटो शक्यतो आपल्या समोर स्कॅन करून घ्या. फाइलला नाव देताना वर्ष, ठिकाण, माणसं या क्रमाने द्या: ‘१९६४-सातारा-मुंज-बाळू-नाना-आत्या’. वर्ष अंदाजे असेल तर ‘सुमारे’ लिहा. तीन प्रती करा: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१ ला चिपळूणच्या पुरात पाणी घरांत शिरलं. असं झालं तर खालच्या कप्प्यातले अल्बम आणि त्याच कपाटातली हार्डडिस्क एकदमच जाते.

स्कॅन झाला म्हणून मूळ फोटो टाकायचा, हा हिशेब एकमेव फोटोंना लावू नका. कागदावरचा कृष्णधवल फोटो शंभर वर्षं टिकल्याचं आपण घरात बघतोय. फाइल मात्र कुणी तरी दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवली तरच टिकते.

## पायरी ८: सोडायचे फोटो कुठे जातात

सर्वांत चांगली वाट म्हणजे ज्याचा फोटो त्याला देणं. प्रत्येक नातेवाइकाच्या, शेजाऱ्याच्या, जुन्या मित्राच्या नावाचं एक पाकीट करा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रती, त्यांच्या मुलांचे वाढदिवस, त्यांच्या घरच्या पूजेचे फोटो त्यात टाका आणि दिवाळीला किंवा एखाद्या कार्यात भेटाल तेव्हा हातात द्या. ढिगाचा बराच भाग असाच कमी होतो, आणि बदल्यात तुमच्याकडे नसलेले दोन फोटो परत येतात.

उरलेले रद्दीत घालू नका. रंगीत फोटोकागदावर प्लॅस्टिकचं अस्तर असतं, कागदाच्या पुनर्वापरात तो चालत नाही. शिवाय ते चेहरे कुणाच्या हाती जातील याचा नेम नाही. चेहऱ्यावरून जाईल असा काप देऊन तुकडे करा आणि सुक्या कचऱ्यात द्या. जाळू नका, प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. नदीत सोडायची पद्धतही नको. देवांच्या तसबिरींबाबत मन धजत नाही हे खरं आहे. जुन्या तसबिरी आणि भंगलेल्या मूर्ती जमा करून त्यांची नीट व्यवस्था लावणारे गट नाशिकसारख्या शहरांत आहेत, तुमच्या भागातही चौकशी करा. काच आणि चौकट वेगळी करून भंगारात देता येते.

## पायरी ९: ठेवलेले फोटो टिकतील असे ठेवा

रबरबँड, यू-पिन, सेलोटेप, वर्तमानपत्र, सगळं काढून टाका. रबरातल्या गंधकाने चांदीच्या कणांनी बनलेल्या कृष्णधवल फोटोवर डाग पडतात आणि वर्तमानपत्राचं आम्ल कागदात उतरतं. पीव्हीसीच्या वास येणाऱ्या पिशव्या नकोत. आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या घ्या, त्या ऑनलाइन मिळतात. फोटो आडवे, मोठे तळाला. लोखंडी कपाटाचा मधला कप्पा उत्तम. माळा नको, तिथे उन्हाळ्यात फार तापतं. जमिनीलगत नको, आणि बाथरूमच्या भिंतीला लागून तर नकोच. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळा संपला की बदला. डांबरगोळ्या फोटोंच्या जवळ ठेवू नका. कसर आणि वाळवी यांच्यासाठी वर्षातून एकदा पेटी उघडून बघणं हाच खरा उपाय.

भिंतीवर लावायला मूळ फोटो वापरू नका. स्कॅनवरून प्रत छापून घ्या, ती हारासकट खुशाल लावा. फ्रेमवाल्याला काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, म्हणजे पुन्हा काचेला चिकटणार नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर पाकिटांची यादी, फाइल्स कुठे आहेत, आवाजाचं मुद्रण कुणाकडे आहे, आणि तुमच्यानंतर ही पेटी कुणाकडे जाईल त्याचं नाव असू द्या. ते नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारून घ्या आणि एकदा शेजारी बसवून पेटीतली सगळी पाकिटं दाखवा.